मार्च एंड, वर्षातून चार वेळा: ऑस्ट्रेलियात आईवडिलांची घरी देखभाल करण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी निधीची शिल्लक कशी सांभाळायची

"राहू दे गं, अडीअडचणीला होतील." आमच्या सासूबाईंचं हे वाक्य मी मेलबर्नमध्ये गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. मदतीची बाई आठवड्यातून दोनदा येऊ दे का, असं प्रोव्हायडरने (सेवा पुरवणाऱ्या संस्थेने) विचारलं की त्या म्हणणार, एकदा पुरे. फिजिओ हवा का? "कशाला, मी चालते की." अशाने त्यांच्या होम केअर पॅकेजमध्ये, म्हणजे या सरकारी निधीच्या जुन्या योजनेत, अकरा हजार डॉलरच्या वर शिल्लक साठली. त्यांना त्याचा केवढा अभिमान! बँकेतल्या एफडीसारखी महिन्याच्या स्टेटमेंटवरची ती रक्कम त्या बोटाने दाखवायच्या.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीची भाऊबीज होऊन नवव्या दिवशी, होम केअर पॅकेज बंद होऊन 'सपोर्ट अ‍ॅट होम' ही नवी योजना आली. सोबत एज्ड केअरचा, म्हणजे वृद्धसेवेचा, नवा कायदाही लागू झाला. ही योजना खरं तर त्याच वर्षी १ जुलैला यायची होती, ती चार महिने पुढे गेली. साठवण्याची सवय जुन्या योजनेत खपून जायची. नव्या योजनेत तिनेच नुकसान होतं, कारण दर तिमाहीला हिशोब बंद होतो आणि उरलेल्यातला थोडासाच भाग पुढे जातो. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत 'मार्च एंड' म्हणतात, तसा इथे वर्षातून चार वेळा येतो.

हा लेख त्या शिल्लकीबद्दल आहे. योजनेची सगळी माहिती इथे देत नाही. आईवडिलांना मंजुरी मिळालेली आहे, प्रोव्हायडर ठरलेला आहे आणि घरातलं कोणीतरी, बहुधा तुम्हीच, ते कागद बघता, असं धरून लिहिते आहे.

आधी बोलायचा अधिकार घ्या

हे पहिलं काम, आणि नेमकं तेच सगळे शेवटी करतात. आईच्या वतीने फोन केला की पलीकडून प्रश्न येतो, "तुम्ही रजिस्टर्ड सपोर्टर आहात का?" नव्या कायद्यात हे नाव आहे. माय एज्ड केअरकडे, म्हणजे वृद्धसेवेच्या सरकारी चौकशी-नोंदणी केंद्राकडे, तशी नोंद करावी लागते. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया हे सरकारी पैसे देणारं खातं वेगळं, म्हणून तिथली परवानगीही वेगळी. पैशाची, उत्पन्नाची माहिती तिथेच असते. दोन्ही ठिकाणी नाव लावून ठेवा. आई ठणठणीत आहे, स्वतः फोनवर बोलू शकते, तोवरच हे उरकून घ्या. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून हे फॉर्म भरायची वेळ आमच्यावर आली होती, म्हणून सांगते.

मिसळणाचा डबा: कुठली वाटी कुणाची

स्टेटमेंट बघून लोक गोंधळतात, कारण सगळा पैसा एकच आहे असं त्यांना वाटतं. सासूबाईंना मी मिसळणाच्या डब्याचं उदाहरण देऊन समजावलं. डबा एक, पण वाट्या वेगवेगळ्या. हळदीच्या वाटीत मोहरी मिसळायची नाही.

पहिली वाटी जुन्या पॅकेजमधल्या सरकारी शिलकीची. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ज्यांच्या नावावर असा पैसा साठला होता, त्यांचा तो त्यांच्याकडेच राहिला. योजना बदलली म्हणून तो बुडाला नाही, आणि त्याला तिमाहीची कात्रीही लागत नाही. यातला बहुतेक पैसा सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडच्या खात्यात असतो. सप्टेंबर २०२१ पासून सरकार प्रोव्हायडरला झालेल्या कामाचेच पैसे द्यायला लागलं आणि उरलेले स्वतःकडे ठेवायला लागलं, हे त्याचं कारण. पॅकेज त्याआधीचं असेल, तर थोडी सरकारी शिल्लक प्रोव्हायडरकडेच राहिलेली असू शकते. किती आणि कुणाकडे, हे प्रोव्हायडरला लेखी विचारा.

दुसरी वाटी आई-वडिलांच्या स्वतःच्या खिशातून गेलेल्या पैशांची. जुन्या पॅकेजमध्ये रोजची फी किंवा उत्पन्नानुसार फी भरली असेल आणि ती वापरली गेली नसेल, तर तो त्यांचा पैसा. सरकारचा नव्हे, प्रोव्हायडरचाही नव्हे. ही वाटी लहान असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. करू नका.

तिसरी वाटी नव्या योजनेच्या तिमाही बजेटची. हा पैसा वितळणाऱ्या बर्फासारखा, तिमाही संपली की उरलेला बहुतेक जातो.

यांच्याशिवाय साधनं आणि घरातले फेरफार यांचा निधी पूर्ण वेगळा. त्यावर पुढे येते.

स्टेटमेंट कसं वाचायचं

प्रोव्हायडरने दर महिन्याला स्टेटमेंट द्यायलाच हवं. आमच्याकडे ते ईमेलने येतं. मी ते छापून काढते, कारण सासूबाईंना मोबाइलवर दिसत नाही आणि मलाही कागदावरच चुका सापडतात. हातात पेन्सिल घेऊन चार गोष्टी बघायच्या.

या महिन्यात बाई किती वेळा आली? आमच्या फ्रिजवर एक कॅलेंडर लटकवलेलं आहे. कोणी येऊन गेलं की सासूबाई त्या तारखेला टिंब देतात. तासाभराची फेरी असेल तर एक टिंब, दोन तासांची असेल तर दोन. स्टेटमेंटवरच्या फेऱ्या आणि कॅलेंडरवरची टिंबं जुळली पाहिजेत. एका महिन्यात आठ फेऱ्यांचे पैसे लागले होते आणि टिंबं होती सहा. दोन फेऱ्या बाईने आजारी म्हणून रद्द केल्या होत्या. कॅलेंडरचा फोटो पाठवल्यावर पुढच्या महिन्यात दुरुस्ती आली. टिंबं नसती तर आम्ही काय सांगणार होतो?

तासाचा दर करारात लिहिलेलाच लागला आहे का, ते दुसरं. जुन्या पॅकेजमध्ये 'पॅकेज मॅनेजमेंट' नावाची वेगळी वजावट असायची. नव्या योजनेत ती नाही. ऑफिस, प्रवास, कागदपत्रं असले खर्च आता सेवेच्या दरातच धरलेले असतात. त्यामुळे तासाचा दर पूर्वीपेक्षा बराच जास्त दिसतो आणि माणूस दचकतो. दचकायला हरकत नाही, पण तुलना करताना जुना दर अधिक जुनी वजावट असं मिळून बघा. दर जास्तच वाटला तर विचारा, बाकी प्रोव्हायडरांचे दरही बघा.

तिसरं, केअर मॅनेजमेंटचे, म्हणजे सेवांची आखणी आणि देखरेख करण्याचे, दहा टक्के. तिमाही बजेटमधून ते आधीच बाजूला काढले जातात. केअर मॅनेजरने फोन केला नाही तरी कापले जातात. मग फोन करून घ्या ना! दर महिन्याला त्यांनी तुमच्यासाठी निदान एक काहीतरी काम करणं अपेक्षित आहे. मी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केअर मॅनेजरला फोन करते आणि एकच प्रश्न विचारते: "या तिमाहीत अजून किती उरलेत, आणि तिमाही संपेपर्यंत किती उरतील?"

चौथं, शिल्लक कुठल्या वाटीतली आहे. आकडा एकत्र करून दिला असेल, तर वेगळा मागा.

तिमाहीचा हिशोब, आकड्यांत

तिमाह्या अशा: जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. नव्या योजनेत गरजेनुसार निधीच्या आठ पायऱ्या आहेत. योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या पायरीला वर्षाला सुमारे १०,७३१ डॉलर होते आणि आठव्या पायरीला सुमारे ७८,१०६. ज्यांचं जुनं पॅकेज होतं त्यांना त्यांच्या जुन्या रकमेएवढाच निधी मिळत राहिला. रकमा वेळोवेळी वाढतात, म्हणून तुमचा नेमका आकडा स्टेटमेंटवरून घ्या.

नियम असा: तिमाही संपली की उरलेल्यातले १,००० डॉलर किंवा तिमाही बजेटच्या दहा टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढेच पुढे जातात. बाकीचे परत सरकारकडे.

चौथी पायरी घेऊ. योजनेच्या सुरुवातीच्या आकड्यांनुसार तिमाहीचे साधारण ७,४२४ डॉलर. त्यातले दहा टक्के, ७४२, केअर मॅनेजमेंटला. हाती राहिले ६,६८२. समजा घरात साफसफाई, अंघोळीला मदत आणि डॉक्टरकडे नेणं-आणणं मिळून तिमाहीला ५,२०० खर्च होतात. उरले १,४८२. दहा टक्के म्हणजे ७४२, हजारापेक्षा कमी, म्हणून हजार पुढे जातात आणि ४८२ बुडतात.

इथपर्यंत फार वाईट वाटत नाही. पण पुढची तिमाही बघा. नवे ६,६८२ आणि आलेले हजार मिळून ७,६८२. खर्च पुन्हा ५,२००. उरले २,४८२. पुढे जाणार पुन्हा हजारच. गेले १,४८२. हजाराची मर्यादा साठत नाही, दर वेळी तीच असते. याच चालीने वर्षभरात ४,९०० डॉलरच्या वर जातात. आठव्या पायरीला तिमाही सुमारे १९,५२६, तिथे दहा टक्के म्हणजे १,९५२ पुढे जातात. मर्यादा मोठी, पण गळतीही त्याच मापाने मोठी.

आणखी एक बारकावा. प्रोव्हायडरला तिमाही संपल्यावर त्या तिमाहीतल्या कामाचे पैसे मागायला ६० दिवस मिळतात. म्हणून ५ एप्रिलला दिसणारी मार्चची शिल्लक खरी नसते. तिमाहीतल्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांची बिलं यायची असतात. ती शिल्लक धरून खर्चाचे बेत करू नका.

कुठला पैसा आधी

रोजच्या सेवांसाठी क्रम सोपा आहे. आधी तिमाही बजेट, ते संपलं की मगच जुनी शिल्लक. हा क्रम आपल्या फायद्याचाच आहे, कारण जुनी शिल्लक थांबू शकते आणि तिमाहीचा पैसा थांबत नाही. म्हणजे सासूबाईंची 'अडीअडचणीला' ही कल्पना पूर्ण चुकीची नाही. फक्त अडीअडचणीची वाटी कुठली, ते ओळखायला हवं.

साधनांसाठी क्रम उलटा. बाथरूमच्या भिंतीला धरायची दांडी, शॉवरची खुर्ची, वॉकर, उतारावरचा रॅम्प यांसाठी नव्या योजनेत वेगळा निधी आहे आणि त्यात तीन पट्ट्या आहेत: ५०० डॉलरपर्यंत, २,००० पर्यंत आणि १५,००० पर्यंत. साधनांच्या पट्ट्या वेगळ्या, घरातल्या फेरफारांच्या वेगळ्या. घरातल्या फेरफारांच्या १५,००० ला आयुष्यभराची मर्यादा आहे. पण जुनी सरकारी शिल्लक असेल, तर साधनांसाठी ती आधी वापरावी लागते. ती संपल्यावरच हा निधी उघडतो.

आमच्या अकरा हजारांचं उत्तर इथेच मिळालं. घरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आली, सगळे तिला ओटी म्हणतात. तिने टेप काढून बाथटबच्या कडेची उंची मोजली. सासूबाईंना टबमध्ये पाय टाकून बाहेर काढायला सांगितलं. त्यांनी पडद्याचा दांडा धरला. ओटी काही बोलली नाही, फक्त लिहून घेतलं. टब काढून सपाट शॉवर करायचं, दोन दांड्या लावायच्या आणि हातात धरायचा शॉवर बसवायचा, असं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढे पैसे बाथरूमला?" मी म्हटलं, "आई, पडल्यावर खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त आहे." त्यानंतर त्या गप्प बसल्या. तीन आठवड्यांनी काम झालं, तेव्हा शेजारच्या गुजराती आजींना मात्र त्या स्वतः बोलावून दाखवत होत्या.

काय घेता येतं याची सरकारी यादी असते. खुर्ची, दांडी असल्या साध्या वस्तू कमी जोखमीच्या, त्या सरळ घेता येतात. काही वस्तू सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. विजेवर चालणारी व्हीलचेअर, वरखाली होणारा पलंग अशांना ओटीचं किंवा तत्सम तज्ज्ञाचं लेखी प्रिस्क्रिप्शन लागतं. ओटीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून गरज जाणवली की लगेच विचारा. आणि नव्या निधीतून साधनं मंजूर झाली असतील, तर त्यांना साधारण बारा महिन्यांची मुदत असते. 'पुढच्या वर्षी बघू' इथे चालत नाही.

शिल्लक कशात घालावी

तिमाही संपायला सहा आठवडे उरले की स्टेटमेंट घेऊन बसा. शिल्लक मर्यादेपेक्षा जास्त दिसत असेल तर ती कशात घालायची, हे ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा: सेवेनुसार तुमच्या खिशातून जाणारा वाटा वेगळा असतो.

नर्स, फिजिओ, पोडियाट्रिस्ट (पायांचा तज्ज्ञ), ओटी, आहारतज्ज्ञ या वैद्यकीय गटातल्या सेवांना कुणालाच वाटा भरावा लागत नाही. ने-आण, सोबत, घरच्या सांभाळणाऱ्याला सुट्टी मिळावी म्हणून बदली माणूस देणं यांना सरकारी एज पेन्शन पूर्ण मिळणाऱ्यांना पाच टक्के, स्वतःच्या पैशावर जगणाऱ्यांना पन्नास टक्के. घरसफाई, बागकाम, जेवण यांना पूर्ण पेन्शनवाल्यांना साडेसतरा टक्के आणि स्वतःच्या पैशावर जगणाऱ्यांना ऐंशी टक्के. अर्धवट पेन्शन असेल तर मधला कुठलातरी आकडा, उत्पन्न आणि मालमत्ता बघून ठरलेला. १२ सप्टेंबर २०२४ ला ज्यांच्याकडे पॅकेज होतं किंवा ज्यांना मंजुरी मिळालेली होती, त्यांना नव्या नियमांमुळे जास्त भुर्दंड पडू नये अशी सोय केलेली आहे. तेव्हा ज्यांना उत्पन्नानुसार फी नव्हती त्यांना आताही वाटा नाही.

म्हणून माझा क्रम असा: उरलेला पैसा आधी वैद्यकीय गटात. आठवड्याला एक फिजिओ होता, तो सहा आठवडे दोन केला. पायांच्या नखांसाठी पोडियाट्रिस्ट, मधुमेह असेल तर हा खर्च टाळूच नये. नर्सकडून औषधांच्या डब्याची तपासणी. त्यानंतर सोबत: कोणीतरी दोन तास गप्पा मारायला, देवळात किंवा लायब्ररीत न्यायला. मराठी नाही तरी हिंदी बोलणारी बाई मिळेल का, हे जरूर विचारा. आमच्याकडे आता सुरतेहून आलेली एक मुलगी येते. दोघी हिंदी-गुजराती-मराठीची खिचडी बोलतात आणि सासूबाई तिला आमटीत चिंच किती घालायची ते शिकवतात. या सोबतीचा उपयोग कुठल्याही फिजिओपेक्षा जास्त झाला आहे, असं माझं मत.

साफसफाई वाढवायची तर खिशातला वाटाही वाढतो, हे डोक्यात ठेवा. बजेटमध्ये पैसे उरलेत म्हणून गरज नसलेली खिडक्यांची धुलाई करून घेणं म्हणजे शुद्ध मार्च एंड. तसं करू नका. शिवाय प्रत्येक सेवा केअर प्लॅनमध्ये, म्हणजे ठरलेल्या सेवांच्या आराखड्यात, असायला हवी. नव्या गोष्टीसाठी आधी प्लॅन बदलून घ्यावा लागतो, म्हणूनच सहा आठवडे म्हटलं.

काय बसत नाही तेही सांगते, कारण हे प्रश्न मला दर गणपतीत विचारले जातात. वाणसामान नाही. जेवणाच्या डब्यात शिजवण्याचा आणि पोचवण्याचा खर्च बसू शकतो, डाळ-तांदळाचा नाही. घरभाडं, वीजबिल नाही. चष्मा आणि दातांचं काम नाही. भारतात जायचं तिकीट तर नाहीच नाही.

भारतवारीचं कोडं

आणि हे मुख्य दुखणं. आपले आईवडील भारतातल्या हिवाळ्यात पुण्याला किंवा कोल्हापूरला जातात, नेमके तीन महिने, लग्न, मुंज, तब्येतीच्या तपासण्या सगळं उरकून येतात. जुन्या पॅकेजमध्ये त्या काळात पैसा साठायचा. आता?

१ जानेवारीला निघून ३१ मार्चला परत आलात, तर पूर्ण तिमाही हातची गेली. चौथ्या पायरीच्या उदाहरणात ६,६८२ पैकी पुढे जाणार हजार, आणि मागून आलेले हजार असतील तर तेही याच हजारात मोजले जाणार. तेच तीन महिने नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत घेतले, तर दोन तिमाह्यांचा अर्धा-अर्धा भाग इथे मिळतो. ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर फिजिओ वाढवायचा, पोडियाट्रिस्ट, ओटीची भेट, प्रवासाआधी नर्सकडून औषधांची तपासणी. परत आल्यावर मध्य फेब्रुवारी ते मार्चअखेर पुन्हा थकलेल्या शरीरासाठी व्यायाम, जास्तीची सोबत. सगळा पैसा वापरला जाईल असं नाही, पण पूर्ण तिमाही कोरडी जाण्यापेक्षा बराच वापरला जातो. डिसेंबरचं तिकीट महाग असतं, हे मान्य. त्याची बेरीज-वजाबाकी तुमची तुम्ही करा.

निघण्याआधी प्रोव्हायडरला तारखा लेखी कळवा आणि ठरलेल्या फेऱ्या रद्द करायला किती दिवसांची सूचना लागते ते करारात बघा. उशिरा रद्द केलेल्या फेरीचे पैसे लागू शकतात. माणूस सिंहगडावर पिठलं-भाकरी खातोय आणि मेलबर्नच्या घरी 'सेवा दिली' असं बिल लागतंय, हे आमच्या ओळखीच्या एका घरात घडलेलं आहे.

उत्पन्नाची माहिती दिली नाही तर

आपल्यातल्या अनेकांचे आईवडील कॉन्ट्रिब्युटरी पेरेंट व्हिसावर आलेले असतात. एज पेन्शनसाठी साधारण दहा वर्षं इथे राहावं लागतं, त्यामुळे त्यांना पेन्शन नसतं. पेन्शन नाही म्हणून सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडे त्यांच्या उत्पन्नाची नोंदही नसते. ती माहिती दिली नाही, तर वाटा सर्वांत वरच्या दराने लागतो. पुण्यातला फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, भारतातलं पेन्शन हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण एकदा केलं की बरंच वाचतं. माहिती लपवू मात्र नका.

प्रोव्हायडर बदलताना, हॉस्पिटल, आणि नंतर

प्रोव्हायडर बदलायचा असेल तर सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडचा पैसा तुमच्या नावावरच असतो, तो जुन्या प्रोव्हायडरसोबत जात नाही. जुन्याने त्याची बिलं संपवायला वेळ घेतला तर नव्याला शिल्लक नीट दिसत नाही. म्हणून जुन्याकडून शेवटचं स्टेटमेंट लेखी मागा, आणि त्याच्याकडे असलेली स्वतःच्या पैशाची वाटी परत केव्हा मिळणार ते तारखेसकट लिहून घ्या. शक्य असेल तर तिमाहीच्या सुरुवातीला बदला, हिशोब सुटसुटीत राहतो.

हॉस्पिटलमधून परत आल्यावर शिल्लक झपाट्याने संपते. तेव्हा लगेच जुन्या वाटीला हात घालण्याआधी विचारा की रिस्टोरेटिव्ह केअर मिळू शकेल का. ही सोळा आठवड्यांपर्यंतची वेगळी सोय आहे, साधारण सहा हजार डॉलरची, पुन्हा उभं राहण्यासाठी. आणि डॉक्टरांनी आयुष्य तीन महिने किंवा त्याहून कमी उरल्याचं सांगितलं असेल, तर एंड ऑफ लाइफ पाथवे म्हणून बारा आठवड्यांसाठी २५,००० डॉलरची सोय आहे. हा विषय घरात काढायला जड जातो. पण त्या वेळी चौकशी करायला कुणात त्राण नसतं, म्हणून आत्ताच वाचून ठेवा.

वृद्धाश्रमात कायमचं जायचं ठरलं किंवा माणूस गेला, तर सरकारी शिल्लक सरकारकडे परत जाते. वारसांना ती मिळत नाही. अकरा हजारांच्या एफडीचं स्वप्न तिथेच संपतं. स्वतःच्या पैशाची वाटी मात्र त्या माणसाची, किंवा त्याच्या पश्चात वारसांची. ती आपोआप येते असं समजू नका. मागा.

दर वेळी उरतंय, किंवा दर वेळी कमी पडतंय

सलग तीन तिमाह्या उरत असेल, तर प्लॅन चुकला आहे किंवा आई नको म्हणते आहे. दोन्हींसाठी केअर मॅनेजरला घरी बोलावून चहा पाजा आणि आईसमोर बोला. मुलगा-सून सांगतात त्यापेक्षा युनिफॉर्ममधल्या माणसाचं जास्त ऐकलं जातं. कमी पडत असेल, तर माय एज्ड केअरकडे सपोर्ट प्लॅन रिव्ह्यू (गरजेची फेरतपासणी) मागा. त्यासाठी पडझड, विसरणं, रात्रीचं उठणं याची तारखेसकट नोंद हवी. 'तब्येत बरी नसते' एवढ्याने काही होत नाही. आणि गरज तपासणारा असेसर आला की आई नेमकी नवी साडी नेसून, चहा करून, "मी सगळं करते हो" म्हणणार. तुम्ही शेजारी बसा आणि खरं सांगा.

अडलं तर कुणाला फोन

आधी प्रोव्हायडरला, ईमेलने, आकड्यांसकट. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर पुढे. माय एज्ड केअरचा नंबर १८०० २०० ४२२. तुमच्या बाजूने बोलणारी विनामूल्य मदत हवी असेल तर ओपॅन (OPAN) या संस्थेचा १८०० ७०० ६००. तक्रारीसाठी एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशन, १८०० ९५१ ८२२. आईला स्वतः बोलायचं असेल आणि इंग्रजी अडत असेल, तर आधी १३१ ४५० ला फोन करून मराठी दुभाष्या मागा आणि त्याच्याकडून यांपैकी हवा तो नंबर जोडून घ्या. मराठीचा दुभाष्या त्या क्षणी मोकळा नसेल तर वेळ ठरवून घेता येते.

फोन करताना कॅलेंडर, शेवटची तीन स्टेटमेंट आणि करार समोर ठेवा. पलीकडच्या माणसाचं नाव, तारीख आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. आमच्याकडे हे सगळं फ्रिजवरच्या त्याच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं आहे. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटच्या तारखेभोवती सासूबाईंनी स्वतः लाल पेनने गोल काढून ठेवले आहेत.